इस्राएल आळी : शेजार नेमका चालायचा कसा?

आळीतली_सून

नमस्कार मंडळी,

अलिबागच्या इस्राएल आळीत आमचं घर आहे. सासरचं, माहेर माझं साताऱ्याचं. दोन खोल्या पाहुण्यांना देते, सोबत घरगुती जेवण. मागेन आबोथ सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) बघून परतणारी मंडळी आमच्या ओट्यावर टेकतात, कोकम सरबत मागतात आणि ग्लास अर्धा झाला की ठरलेला प्रश्न येतो, "इथे ज्यू आणि बाकीचे लोक इतकी वर्षं एकत्र राहिले कसे?" सासूबाईंना हा प्रश्नच कळत नाही. म्हणतात, "कसे म्हणजे? घरं शेजारी होती."

आता ओट्यावर एक छोटा फलक लावायचं मनात आहे. चार-पाच ओळींचा. नवगावला फुटलेलं जहाज, त्यातून वाचलेली सात जोडपी, तेलाचे घाणे आणि शनिवारची सुट्टी हे सगळं गाइड सांगतोच. मला त्यापुढचं हवंय. सणाला या घरातून त्या घरात काय जायचं, काय जायचं नाही, कोण कोणाची कामं करायचं, भांडणं कशावरून व्हायची. फक्त अलिबागच असं नाही. पेण, पनवेल, रेवदंडा, रोहा, मुरूड, जिथलं आठवत असेल तिथलं लिहा.

इतिहासाचं व्याख्यान कृपया नको.

मांडवा_लाँच

पहिला!
व्याख्यान नको म्हणालात म्हणजे आता ते येणारच. खुर्ची टाकून बसतोय.

बखरबहाद्दर

व्याख्यान देत नाही, पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. रेवदंड्याचं बेथ एल सिनेगॉग १८४२ चं, अलिबागचं मागेन आबोथ १८४८ चं (आजची इमारत १९१० ची), पनवेलचं बेथ एल १८४९ चं, पेणचं १८६३ चं. या सगळ्यांच्या आधी मुंबईत मांडवीला सॅम्युएल दिवेकरांनी १७९६ मध्ये पहिलं सिनेगॉग बांधलं. म्हणजे त्याआधी कितीतरी पिढ्या कोकणातल्या बेने इस्राएलांकडे, म्हणजे इथल्या मराठी ज्यूंकडे, प्रार्थनेला वेगळी वास्तूच नव्हती. जे काही होतं ते घरात. सुंता घरात, शनिवारचा शब्बाथ घरात, मलिदा (पोह्यांचा प्रसाद) घरात. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे. शेजाऱ्यांनी त्यांचा धर्म पाहिला तो शेजारच्या ओटीवर.

मांडवा_लाँच

सांगितलं होतं की नाही?
(पण मुद्दा आवडला.)

वालपापडी

मी पेणची. आमच्या भिंतीला भिंत लागून एक बेने इस्राएल कुटुंब होतं. श्रावणाच्या आसपास त्यांचा बिरड्याचा सण यायचा. जेरुसलेमचं मंदिर पाडलं गेलं त्या दुःखाचा दिवस, उपास करायचा आणि मग वालाचं बिरडं. लहानपणी मला यातलं मंदिर माहीत नव्हतं, बिरडं माहीत होतं.

त्या दिवसासाठी वाल सोलायचं काम आमच्या मागच्या पडवीत चालायचं, कारण आमच्याकडे उजेड जास्त. मोड आलेले कडवे वाल कोमट पाण्यात, मधे परात, आजी एका बाजूला आणि शेजारच्या मावशी दुसऱ्या बाजूला. अंगठा आणि तर्जनीत वाल धरून चिमटा काढला की दाणा टुणकन परातीत आणि साल बोटाला. आजीचा वेग जास्त, पण डाळिंब्या मोडायच्या. मावशी सावकाश सोलायच्या, एकही मोडायची नाही. यावरून दोघींची दरवर्षी बोलाचाली. "तुझं बिरडं की पिठलं?" हे मावशींचं वाक्य आमच्या घरात अजून चालतं.

शिजवलेलं मात्र एका घरातून दुसऱ्या घरात कधी गेलं नाही. सोललेले वाल जायचे, नारळ जायचा, गूळ जायचा. आजी सोवळ्याची आणि त्यांच्या स्वयंपाकघराचे त्यांचे नियम. कोणाला वाईट वाटल्याचं मला तरी दिसलं नाही.

मालवणी_खाजा

वाचतोय. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

शनिवारतेली

आयडीवरून ओळखलं असेलच, मी बेने इस्राएल. आजोबा अलिबागचे, आम्ही आता ठाण्यात. आडनाव सांगत नाही, पण शेवटी 'कर' आहे, तेवढ्यावरून शोधा.

वालपापडी, तुमचं वाचून आजी आठवली. शिजवलेलं न जाण्याबद्दल आमच्या बाजूने सांगतो. मांस आणि दूध आमच्यात एकत्र चालत नाही, म्हणून रस्सा नारळाच्या दुधातला. कोकणात असल्यामुळे हा नियम पाळायला काडीचाही त्रास झाला नाही. कोंबडी हजानने (सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणाऱ्याने) कापलेली हवी, नंतर मीठ लावून रक्त काढायचं. शेजाऱ्याकडची कोंबडी कितीही चविष्ट असली तरी उपयोग नाही. म्हणून शेजाऱ्यांकडच्या लग्नात आमची पंगत शाकाहारी बाजूला. आजोबा म्हणायचे, देशावरच्या ब्राह्मणांनंतर सगळ्यात जास्त लाडू मीच खाल्ले असतील.

उलट दिशेने जाणारी वस्तू म्हणजे चिकाचा हलवा. आमच्या नव्या वर्षाला होतो. गव्हाचा चीक, नारळाचं दूध, साखर, आणि मग ढवळत बसायचं. हात भरून येतात. एकट्या बाईचं ते काम नाही, त्यामुळे ढवळायला शेजारीण आणि वड्या वाटायला सगळी आळी.

घाटावरचा

एक बाळबोध प्रश्न. कोळंबी, खेकडे, तिसऱ्या यातलं काहीच चालत नाही असं वाचलंय. आणि राहायला कोकण किनारा? हा तर अन्याय झाला.

शनिवारतेली

@घाटावरचा, दोन हजार वर्षांपासून तक्रार दाखल आहे, निकाल लागत नाही.

खवले आणि पर दोन्ही असलेला मासा चालतो. रावस, पापलेट, बोय मजेत खातो. आमच्यातली मूळ कथाच माशाची आहे. डेव्हिड रहाबी नावाचे गृहस्थ आले, हे लोक खरंच ज्यू का बघायला बायकांना मिश्र मासे दिले, बायकांनी खवलेवाले बाजूला काढले, परीक्षा पास. खरी-खोटी बखरबहाद्दर सांगतील. पण आमच्या दारावर येणारी कोळीण ही परीक्षा आठवड्यातून तीनदा घ्यायची. टोपलीवरचं फडकं काढायच्या आधीच सांगायची, "तुमचा आज काय नाय, नुसती कोलबी हाय."

मांडवा_लाँच

"निकाल लागत नाही" हसून हसून पुरती वाट

अष्टमीवाली

रोहा-अष्टमी. आमच्याकडे दरफाळणीचा सण लक्षात राहिलाय. यॉम किप्पुरला, म्हणजे त्यांच्या प्रायश्चित्ताच्या दिवसाला, जुनी माणसं हेच म्हणायची. दार लावून घ्यायचं, दिवसभर उपास, पांढरे कपडे, कोणाशी बोलणं-चालणं नाही. आम्हा पोरांना आदल्या दिवशीच दम मिळायचा की उद्या त्यांच्या अंगणात चेंडू गेला तर मागायला जायचं नाही. एकदा गेलाच. आम्ही पाच-सहा जणं कुंपणापाशी दिवसभर बसून त्या चेंडूकडे बघत होतो. दुसऱ्या दिवशी शिळा सण. दार सताड उघडं, घरात ये-जा, आणि चेंडू धुऊन ओट्यावर ठेवलेला.

पोस्ट ऑफिसातल्या एका काकांमुळे हे घर आम्हाला जवळचं. त्या पिढीत खूप बेने इस्राएल सरकारी नोकरीत होते. रेल्वे, पोस्ट, लष्कर, दवाखाने.

पंचांगी

सण जुळण्याबद्दल थोडं. हिब्रू पंचांग आपल्यासारखंच चांद्र-सौर आहे. महिना चंद्राचा, वर्ष सूर्याशी बांधलेलं. त्यासाठी ते १९ वर्षांत ७ अधिक महिने टाकतात. आपलाही अधिक मासाचा हिशेब साधारण तेवढाच पडतो, फक्त आपला अधिक महिना कुठलाही असू शकतो आणि त्यांचा एक ठरलेला, अदार.

म्हणून त्यांचा पुरीम सण आणि होळी दोन्ही पौर्णिमेच्या तोंडावर येतात, बहुतेक वर्षी एकाच वेळी. कोकणातले बेने इस्राएल पुरीमला होळीचा सण म्हणत ते उगीच नाही. त्यांचं नवं वर्ष आणि आपली घटस्थापना, दोन्ही अमावास्येला लागून. २०२५ मध्ये २२ सप्टेंबरला घट बसले आणि त्याच संध्याकाळी रोश हाशाना सुरू झाला. २०२३ मध्ये मात्र आपला अधिक श्रावण मधे आला, त्यामुळे त्यांचं नवं वर्ष १५ सप्टेंबरच्या संध्याकाळी आणि आपले घट १५ ऑक्टोबरला.

शेजारात याचा परिणाम काय? दोन्ही घरांत साफसफाई एकाच आठवड्यात. शिडी एक, मागणारे दोन.

आळीतली_सून

पंचांगी, शिडीचं अगदी खरं! आमची शिडी आजही आळीची आहे. सगळ्यांनी असंच लिहा, हेच हवं होतं.

नारळीबाग

भांडणांबद्दल कोणी लिहीत नाहीये, म्हणून मी. चौलच्या बाजूला आमची वाडी आणि त्यांची वाडी लागून. त्यांचा एक माड आमच्या बाजूला कललेला. नारळ आमच्या हद्दीत पडायचे. करार असा की आमच्या हद्दीत पडला तरी नारळ त्यांचाच, झावळ्या आमच्या. मग शनिवार आला. शब्बाथला पडलेलं फळ त्या दिवशी उचलायचं नाही असा त्यांच्यात नियम. माझे चुलते म्हणजे इब्लिस. शनिवारी पडलेला नारळ शनिवारीच उचलायचे. म्हणायचे, "तुमच्या देवाने तुम्हाला सोडायला सांगितलाय, मला नाही."

हे प्रकरण थेट वडीलधाऱ्यांपर्यंत गेलं. निकाल असा लागला की शनिवारचे नारळ बाजूला ठेवायचे आणि अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहू हनबी या प्रेषिताच्या मलिद्याला त्यातले द्यायचे. चुलत्यांनी ते दिले, वर "आमच्याकडून" असं सांगून दिले.

वालपापडी

चुलत्यांना दंडवत.

राजपुरी_खाडी

आम्ही मुरूडचे कोकणी मुसलमान. एलियाहू म्हणजे आमचे इलियास अलैहिस्सलाम. अलिबागजवळच्या खंडाळ्याला जी खूण दाखवतात, खडकावर घोड्याच्या टापा आणि रथाचं चाक, तिच्याबद्दल आमच्या नानीला सगळं माहीत होतं. फळं पिकण्याच्या दिवसांत, 'तू बिश्वात' या झाडांच्या सणाला, त्यांचा तिथे उरूस भरतो. हो, उरूसच म्हणतात.

सुंता दोघांच्यात, डुक्कर दोघांनाही वर्ज्य, कोंबडी कापताना देवाचं नाव दोघांच्यात. त्यामुळे नानीच्या मैत्रिणीला आमच्या घरात समजावून सांगावं लागलं नाही असं बरंच काही होतं. टीव्हीवर काय चालू आहे ते आम्हालाही दिसतं. चहाच्या टपरीवर त्यावर बोलणंही होतं, चढ्या आवाजात होतं. पण मुंबईहून त्यांच्या घरातलं कोणी आलं की आधी विचारपूस होते ती गुडघ्याची आणि पाण्याच्या टाकीची. फलकावर हे लिहिता येईल का माहीत नाही.

तर्कटराव

सगळं फार गोड चाललंय, चिमूटभर मीठ घालतो.

"आमच्याकडे ज्यूंना कधी त्रास झाला नाही" हे आपण अशा थाटात सांगतो की जणू आपण काही केलं. काय केलं? परका माणूस खपवून घ्यायची एक रीत आपल्याकडे तयार होती, ती म्हणजे जात. तेलाचा धंदा, खाणं वेगळं, लग्नं आपसात, शनिवारी घाणा बंद. झाली एक जात, मिळाली एक आळी. वर कोणाला, खाली कोणाला बसवायचं हे आधीच ठरलेलं. तो समाजही यातून सुटला नाही. गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल असे त्यांच्यातच दोन थर होते आणि लग्नसंबंध नव्हते. वालपापडींच्या आजीने वाल घेतले पण शिजवलेलं घेतलं नाही, हे तुम्ही प्रेमाने वाचलंत. मी वेगळं वाचलं.

आणि याच कुलाबा (आजच्या रायगड) जिल्ह्यात, महाडला, १९२७ साली सार्वजनिक तळ्याचं पाणी पिण्यासाठी बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला. जिल्हा तोच, गावकरी तसेच, मोठं मन कुठे गेलं होतं? बेने इस्राएल संख्येने थोडे होते, कोणाच्या वाटेत नव्हते. आपल्या सहिष्णुतेची कसोटी त्यांच्यावर लागलीच नाही. फलकावर हेही लिहा.

कुळागर

तर्कटराव, प्रत्येक धाग्यावर येऊन विरजण घालायचा ठेका घेतलाय का?

मांडवा_लाँच

प्रतिसाद काढून टाकला आहे.

बखरबहाद्दर

कुळागर, विरजण कसलं? मुद्दा सरळ आहे. भर घालतो. आंग्र्यांच्या आरमारात बेने इस्राएल होते, नंतर कंपनीच्या पलटणींत मोठ्या संख्येने गेले. तेल्याची जागा त्यांच्यातल्या अनेकांनी सोडली आणि इंग्रजी अमलात हवालदार, सुभेदार, कारकून झाले. जातीच्या चौकटीत अडकलेल्या सगळ्यांना ही वाट मिळाली नाही. मुंबईत १८७५ साली हाईम सॅम्युएल केहिमकरांनी इस्राएली शाळा काढली, तीच पुढे माझगावची सर एली कदुरी शाळा. १९३७ मध्ये डॉ. ई. मोझेस मुंबईचे महापौर झाले. झिराडवरून ज्यांचं आडनाव, त्या डॉ. जेरुशा झिराड यांना १९६६ मध्ये पद्मश्री मिळाली.

शनिवारतेली

तर्कटरावांचं बरंचसं मान्य आहे, आणि ते आमच्यातल्याने म्हणावं म्हणून लिहितो. गोरे-काळे होतं. माझ्या आत्याच्या लग्नात यावरून महाभारत झालंय, तपशील देत नाही, दोन्हीकडची माणसं हयात आहेत. विधवेने पुन्हा लग्न करू नये हेही आम्ही शेजाऱ्यांकडून उचललं, आमच्या धर्मात तसं काही नव्हतं. शेजार म्हणजे मेंदी आणि मंगळसूत्रच फक्त येत नाही, शेजाऱ्याचे दोषही येतात.

पण एक सांगतो. "तुमची कसोटी लागली नाही" हे वाक्य तुमच्या बाजूने बरोबर असेल. आमच्या बाजूने कसोटी नसण्यालाच मोल आहे. युरोपातल्या ज्यूंना विचारा, कसोटी न लागलेला शेजार त्यांनी काय भावाने घेतला असता. माझ्या आजोबांना आयुष्यात कधी दार आतून दोनदा तपासावं लागलं नाही. आता ठाण्यात आमच्या सिनेगॉगच्या दारात पोलीस असतो, तो २००८ च्या नरिमन हाउसवरच्या हल्ल्यानंतरचा. तो शेजाऱ्यांमुळे आलेला नाही.

तर्कटराव

@शनिवारतेली, "आमच्या बाजूने" हा भाग मी धरला नव्हता. त्यावर वाद नाही. माझं भांडण तुमच्याशी नाहीच, पाठ थोपटून घेणाऱ्यांशी आहे.

लोदकर

इस्राएलातून लिहितोय, लोद शहरातून. मुलीने फोनवर देवनागरी टाकून दिलं, चुका पोटात घाला.

मी लहान असताना, १९६० नंतर, घरचे इकडे आले. इकडे आल्यावर काय झालं ते ऐका. १९६२ मध्ये इथल्या रब्बी लोकांनी हुकूम काढला की बेने इस्राएल माणसाचं लग्न लावायचं तर मागच्या पिढ्या तपासा. आमच्या लोकांनी जेरुसलेमला सत्याग्रह केला. हो, सत्याग्रहच म्हणतो मी. १९६४ मध्ये मानलं की हे पूर्ण ज्यू आहेत. वडील म्हणायचे, अलिबागला शनिवारी दुकान बंद दिसलं की लोकांना कळायचं मी कोण आहे, आणि इथे माझ्याच लोकांना कागद दाखवतोय.

पण मंडळी, अलिबागला सगळं सोनं होतं असंही नाही. आम्ही गेलो कारण पगार नव्हता, मुंबईत एका खोलीत नऊ माणसं होती, मुलींना स्थळं मिळेनात. कोणी हाकललं नाही. हाकललं नाही तरी माणसं जातात.

इथे मायबोली नावाचं मराठी त्रैमासिक निघतं. मलिदा होतो, पोहे पुष्कळ मिळतात. वाल मिळतात पण कडवे नाहीत.

वालपापडी

लोदकर काका, पत्ता व्यक्तिगत निरोपात कळवा. कडवे वाल पाठवते. सोललेले नाही, सोलायचं तुमचं तुम्ही.

घाटावरचा

काका, आता तिथे शेजारी कोण आहेत?

लोदकर

वरच्या मजल्यावर मोरोक्कोचे, समोर रशियाचे. लोदमध्ये अरब वस्तीही मोठी आहे, भाजीवाला अरब. मोरोक्कोवाली बाई बोलते भरपूर, मिठाला येते आणि तासभर बसते. रशियावाले चांगले आहेत पण दार वाजवल्याशिवाय येत नाहीत आणि वाजवल्याशिवाय आपण जायचं नाही. बायकोला अजून सवय झालेली नाही.

पनवेलची_पोर

पनवेल. २६ जुलै २००५ चा पूर आठवतोय ना? आमच्या तळमजल्यावर आणि बेथ एलमध्ये पाणी एकाच रात्री शिरलं. तिथल्या तोरांचं, म्हणजे त्यांच्या धर्मग्रंथाच्या प्रतींचं, नुकसान झालं. हरणाच्या किंवा बकऱ्याच्या कातड्यावर हाताने लिहिलेल्या गुंडाळ्या असतात त्या, भिजून अक्षर गेलं की वाचनाला चालत नाहीत, आणि टाकूनही देत नाहीत. माणसासारखं दफन करतात. आमच्या घरी तेव्हा भिजलेली पोथी आणि भिजलेल्या शाळेच्या वह्या एकाच दोरीवर वाळत होत्या. बाबांनी हे दफनाचं ऐकलं आणि आजोबांची पोथी रद्दीत न टाकता खाडीत सोडली. आमच्याकडे विसर्जन, त्यांच्याकडे दफन, गाळ दोन्ही घरांत सारखाच.

कुळागर

आता हे फलकावर लिहा. तर्कटरावांनाही चालेल.

अष्टमीवाली

अवांतर: शाळेच्या फॉर्मवर धर्माच्या रकान्यात ज्यू नसायचं. आमच्या वर्गातल्या मैत्रिणीला दरवर्षी 'इतर'. एका बाईंनी परस्पर 'ख्रिश्चन' लिहून टाकलं, तिच्या आईने येऊन खोडायला लावलं. २०१६ मध्ये महाराष्ट्र सरकारने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला तेव्हा मी तिला मेसेज केला, "आता इतरातून बाहेर." ती म्हणाली, "शाळा संपून पंचवीस वर्षं झाली गं."

शनिवारतेली

@अष्टमीवाली :-D

मूळ प्रश्नावर येतो, नाहीतर ताई म्हणतील गप्पाच मारताय.

आळीतली_सून, आजची स्थिती तुम्हाला आमच्याहून जास्त ठाऊक. सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. अलिबागेत ते सणासुदीला जमतात, ठाणे-मुंबईहून गाड्या भरून आल्या की. एरवी नाही. १९५० च्या सुमारास भारतात वीस हजारांच्या आसपास बेने इस्राएल होते, आता सगळे ज्यू मिळून चार-पाच हजार. अशा वेळी शेजार म्हणजे भूतकाळातली गोष्ट नाही. कबरस्तानात गवत वाढलं की फोन कोण करतं? पावसात कौल सरकलं हे आम्हाला ठाण्यात कोण कळवतं? तुमच्यासारखी घरं. तुमच्या सासूबाई "घरं शेजारी होती" म्हणाल्या, त्यांना सांगा की आहेत म्हणा, होती काय?

आळीतली_सून

सासूबाईंना वाचून दाखवलं. आधी म्हणाल्या, "कौलाचं कळवायचं नाही तर काय, पाणी आपल्याही भिंतीत उतरतं." मग म्हणाल्या, "त्याला विचार, घराच्या मागच्या बाजूचं पिंपळाचं रोप काढायला माणूस कधी पाठवतोय."

तर मसुदा असा केलाय. सुचवण्या द्या.

"या आळीत बेने इस्राएल, हिंदू आणि मुसलमान घरं पिढ्यान्‌पिढ्या शेजारी आहेत. प्रत्येकाचं स्वयंपाकघर वेगळं होतं आणि वाल सोलायची पडवी एक. बेने इस्राएलांतले बरेचजण १९५० नंतर नोकरी, घर आणि लग्नांसाठी मुंबईला व इस्राएलला गेले. त्यांना इथून कोणी घालवलं नाही. सणांना ते येतात. सिनेगॉग चालू आहे, ते संग्रहालय नाही. आत जाताना डोकं झाका."

तर्कटराव

चालेल. 'पिढ्यान्‌पिढ्या शेजारी आहेत' नंतर 'आणि वेगळे' टाका. तेवढं मीठ हवंच.

आळीतली_सून

टाकलं. "शेजारी आणि वेगळे".

बखरबहाद्दर

१८४८ टाका. एक तरी सन हवा.

मांडवा_लाँच

आणि 'कोकम सरबत ३० रुपये' खाली मोठ्या अक्षरात.

घाटावरचा

धागा वाचून येत्या शनिवारी सहकुटुंब यायचं ठरवलंय. रोरो बोटीने येऊ की गाडीने? सिनेगॉग किती वाजता उघडतं?

शनिवारतेली

@घाटावरचा, अख्खा धागा वाचून शनिवारीच निघालात? रविवारी या. आणि ताईंकडे जेवायला सांगाल तेव्हा कोळंबी मागवा, आमच्या वाट्याचीही खा.